भिंतीचा रंग आणि जयणा

शिर्डीतील एका परिचित व्यापारी कुटुंबाने दिवाळीपूर्वी दिवाणखान्याला उठावदार टेक्स्चर करण्याचे ठरविले व माझे मत विचारले.

मी म्हणालो, नमुना रात्री दिव्याखाली पाहा. खडबडीत भिंतीच्या खाचांत धूळ साचते, कोळी जाळे विणतो. मग झाडताना सूक्ष्म जीवांची विराधना टळत नाही. गुळगुळीत भिंत मऊ फडक्याने पुसता येते. जयणेच्या दृष्टीने तीच श्रेयस्कर.

दुसरा प्रश्न साहित्याचा. जुन्या डिस्टेंपरमध्ये प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरीत. आजच्या इमल्शनमध्ये बहुधा अ‍ॅक्रिलिक असते. परंतु डुकराच्या केसांचे कुंचले अद्याप विकले जातात. नायलॉनचाच मागावा. जुन्या दगडी भिंतींस चुन्याची सफेदी मानवते. ती हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कठीण होते आणि भिंतीतील ओल बाहेर पडू देते.

हिशेब असा: 12 फूट लांब, 10 फूट उंच भिंत म्हणजे 120 चौरस फूट. सजावटीस अशी एकच भिंत पुरे.

पावसाची ओल मुरलेली असताना रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून काम कार्तिकी पौर्णिमेनंतर, चातुर्मास संपल्यावर काढावे, असेही सुचविले. मुलगा नाराज झाला. आजींनी मात्र कुंचल्याची चौकशी स्वतः केली. त्या वर्षीचे वहीपूजन जुन्याच रंगाच्या भिंतींत झाले.