पदवी विचारा, मग मन मोकळं करा

“तुला काय कमी आहे?” रात्र रात्र डोळा न लागणाऱ्या, डबा तसाच परत आणणाऱ्या, फोन वाजला तरी छातीत धडधडणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी तोंड बंद ठेवावं. काय कमी आहे ते त्याला सांगता आलं असतं तर तो इतका गप्प झालाच नसता. मग दुसरी टोळी येते: चार दिवस गावाला जाऊन ये, पहाटे उठून ध्यान कर, अमक्या महाराजांकडे चल. यात वर्ष निघून जातं. हीच माणसं रक्तात साखर निघाली तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठतात. मनाचं नाव काढलं की ठाण्याच्या नाहीतर येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे टोमणे, आणि पोरीचं लग्न कसं जमणार ही कुजबुज. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांमधले 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना राहत असल्याचं दिसलं. या आकड्यात आपल्या घरांचा वाटा आहे.

जायचं कधी? झोप, भूक, काम आणि माणसांत मिसळणं यांतलं काही बिघडलं आणि दोन आठवड्यांतही सावरलं नाही, तर जावं. थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्यावं, त्यांच्यामुळेही माणूस खचतो. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या टेलिमानस या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पण कुणाकडे जायचं, इथे माझा खरा संताप आहे. माझ्या पुतणीला आम्ही धीर देऊन एका समुपदेशकाकडे पाठवलं. भिंतीवर तीन दिवसांच्या कार्यशाळेचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, शेजारी पदवीचा पत्ता नाही. पाऊण तासात त्या बाईंनी निदान केलं: “लग्न झालं की आपोआप ठीक होईल.” संध्याकाळी पुतणीच्या आईला फोन करून पोरीने रडत सांगितलेलं सगळं जसंच्या तसं ऐकवलं. पोर त्यानंतर कुणाकडेही जायला तयार होईना. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. बाईंनी तो पायदळी तुडवला आणि फी मात्र आगाऊ घेतली.

हे घडू शकतं कारण ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला कुणी अडवत नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, तो औषधही देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि तो बोलण्यातून, चाचण्यांतून उपचार करतो. उरलेल्यांत एमए करून वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे काम करणारे आहेत, तसेच यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहून दुकान थाटलेलेही आहेत. बाहेरून दोघं सारखेच दिसतात.

म्हणून विचारा. पदवी कुठली, नोंदणी क्रमांक काय, माझ्यासारख्या त्रासाचे रुग्ण पाहता का, औषधाची गरज वाटली तर कुणाकडे पाठवाल, मी बोललेलं कुणाला सांगाल आणि कधी? शेवटच्या प्रश्नाला “जीवाला धोका असेल तरच, आणि तुम्हाला सांगूनच” अशा धाटणीचं उत्तर आलं की माणूस विचार करून काम करतो असं समजावं. प्रश्न ऐकून जो चिडतो त्याच्यासमोरून उठा, चहासाठीही थांबू नका. पत्रिका मागणारा, जातीवर घसरणारा, पहिल्याच भेटीत आठ आठवड्यांत बरं करण्याची हमी देणारा, हे सगळे त्याच रांगेतले. आणि चांगल्या पदवीच्या माणसाशीही सूर जुळेलच असं नाही. चार-पाच भेटींनंतरही आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं तर तसं सरळ सांगा. तरीही फरक पडला नाही तर दुसरा शोधा. त्यात बेइमानी नाही, आपलं दुखणं आपलंच आहे.

घरच्यांनी फक्त पैसे आणि रिक्षाची सोय करावी, दारात उभं राहून “काय म्हणाला?” असं विचारू नये. आणि सरकारने प्रत्येक समुपदेशकाला पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहायला भाग पाडावं. औषधाच्या दुकानात परवाना भिंतीवर टांगावा लागतो, मग इथे कसली अडचण आहे?