आधी एफ, मग गाणं

पनवेलमध्ये गिटारच्या क्लासच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. बहुतेकांवर महिन्याभरात गाणी वाजवायला शिकवण्याची हमी असते. माझी तक्रार अशी की ही हमी खरी ठरते, आणि पोरांचं नुकसान तिथेच होतं.

जी, सी, डी, ई मायनर हे चार कॉर्ड थोड्याच आठवड्यांत बोटांत बसतात. त्यांवर बरीच हिंदी गाणी निघतात. आमच्या शिरढोण गावात जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव पनवेलच्या नाट्यगृहाला आहे; तिथल्या मंचावर पोरगा तीन मिनिटं वाजवतो, टाळ्या पडतात, आईबाप व्हिडिओ काढतात. मग येतो एफ. पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या, आणि उरलेली तीन बोटं आपापल्या जागी ठेवायची. सूर निघत नाही, नुसती थडथड. महिन्यात गाणी आली होती, मग हा एकच कॉर्ड महिनाभर का येत नाही, हे पोराला कुणी सांगितलेलंच नसतं. गिटार कपाटावर जाते.

मी शिरढोणचा, कंटेनर यार्डात शिफ्ट ड्युटी करणारा माणूस. चाळिशी ओलांडल्यावर गिटार घेतली. ड्युटीवरून आलो की ओटीवर बसून सी आणि एफ, एवढंच. छेडायचंही नाही, बोटं उचलायची, ठेवायची, परत उचलायची. मोबाइलवर मेट्रोनोम पन्नासावर. बदल स्वच्छ बसला तरच पंचावन्न, अडखळला की पुन्हा पन्नास. शेजारची काकी जाता-येता विचारते, “काय रं, गाना कवा वाजवशील?” काकीचं चुकत नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही.

पण घडतं. सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात असते, आणि एफमध्येही ती तिथेच असते. म्हणजे ते बोट उचलायचंच नाही, बाकीची त्याच्याभोवती फिरवायची. हे पुस्तकात लिहिलेलं असेलही, पण हाताला कळतं ते संथ चालीतच. घाईत चारही बोटं उडतात आणि तीच सवय पक्की होते. हात बरोबर-चूक पाहत नाही, जे पुन्हा पुन्हा केलं ते शिकतो.

गंमत म्हणजे हे आपल्या लोकांना ठाऊक आहे. भजनी मंडळात पखवाज शिकायला बसलेल्या पोराला पहिल्या महिन्यात कुणी अभंगाच्या साथीला बसवत नाही. आधी बोल तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी धरायची. तिथे कुणाचा बाप विचारत नाही की कार्यक्रम कधी. तोच बाप गिटारच्या क्लासला महिनाअखेरीस हिशेब मागतो, कारण गिटार त्याच्या लेखी मौजेची वस्तू. तिलाही रियाज लागतो हे त्याच्या गावीही नसतं.

असा रियाज गिटारवर आपल्याकडेही झालाय: ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवर पोलादी कांडी सरकवत तिच्यावर राग वाजवले. अली अकबर खाँसाहेबांचे ते शिष्य, म्हणजे तालीम सरोदियाची. 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’चं नाव काढलं की लोकांना शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरासियांची बासरी आठवते, तिसरं वाद्य गिटार होतं, हे सांगावं लागतं. जॅझ गिटारवादक जँगो रेनहार्टचं नाव मात्र उपजत प्रतिभेचा दाखला म्हणून हमखास येतं. 1928मध्ये आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांनी त्याला सगळं नव्याने बसवावं लागलं. यात प्रतिभा किती आणि घासणं किती, हे ज्याने एफ घासलाय त्याने ठरवावं.

सगळा दोष सबुरी नसण्यावर ढकलणंही बरोबर नाही. स्वस्तातल्या गिटारीत तारा फळीपासून फार उंच असतात. सहा स्टीलच्या तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो, त्यात आमच्याकडच्या पावसाने लाकूड फुगतं, तारा आणखी वर जातात. मोठ्या माणसाची बोटं सोलतात, तिथे दहा वर्षांच्या पोरीने काय करावं? गिटार जाणकार कारागिराकडून तारा खाली घेऊन आणली, तर निम्मी लढाई तिथेच हलकी होते. गिटारीच्या किमतीपुढे हा खर्च फार नाही. पण आपण पैसे घालतो कव्हरवर आणि स्टँडवर.

म्हणून क्लासात नाव घालताना किती गाणी शिकवणार, हे विचारू नका. पोराला एफ लावायला किती दिवस देणार, ते विचारा. “लागतील तेवढे” म्हणणारा मास्तर सापडला तर फी भरा, आणि मग वर्षभर त्याच्याकडे गाणं मागू नका.