उन्हाळ्याची सुटी आणि दोन संघांचा खेळाडू

वार्षिक परीक्षा आटोपल्या कीं पूर्वीं मुलें आजोळीं जात. आतां जुन्नर-आंबेगांवच्या पुष्कळ घरांतून तीं शिबिरांस आणि सामन्यांस जातात. वर्षभर शाळेच्या संघांत कबड्डी, खोखो किंवा क्रिकेट खेळलेला मुलगा मे उजाडतांच एखाद्या क्लबाच्या संघांत दाखल होतो. आज नारायणगांव, उद्यां मंचर, परवां पुणें असा त्याचा संचार सुरू होतो. मुलीही यांत मागें नाहींत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या दुहेरी बांधिलकीचा भार मोजतो कोण, हा प्रश्न वडीलधाऱ्यांनीं स्वतःस विचारला पाहिजे.

शाळेच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनीं होतात. १४, १७ व १९ वर्षांखालील असे त्यांचे गट असतात. ठराविक पायरी गांठणाऱ्यास दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. म्हणून व्यायामशिक्षकांस तो मुलगा जूनमध्यें ताजातवाना हवा असतो. क्लबाच्या मार्गदर्शकांस तोच मुलगा मे महिन्यांत हवा असतो, कारण त्यांचे सामने सुटींतच भरतात. दोघांचेंही मागणें रास्त आहे. पण एकाची वही दुसऱ्यास दिसत नाहीं.

अशा वेळीं सचिन तेंडुलकरांचा दाखला हटकून पुढें येतो. लहानपणीं ६० दिवसांच्या सुटींत आपण ५५ सामने खेळलों, असें त्यांनीं आपल्या २०१४ च्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. मात्र त्यांच्या घरानें काय केलें, हें आपण विसरतों. वांद्र्याची शाळा सोडवून मुलास दादरच्या शारदाश्रमांत घातलें. जाण्यायेण्यांत तो थकूं लागला, तेव्हां शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरीं ठेविलें. शाळेचा संघ आणि मैदानावरचा सराव दोन्ही रमाकांत आचरेकरांच्याच नजरेखालीं होते. हिशेब एका हातीं होता. जुन्नरहून पुणें सुमारें ९० किलोमीटर. आपल्या मुलाचा अर्धा दिवस गाडींतच जातो, आणि हिशेब दोन हातीं वांटलेला असतो.

अमेरिकेंत बेसबॉलच्या खेळांत हीच ओढाताण आहे: वसंतांत शाळेचा संघ, उन्हाळ्यांत गांवोगांव फिरणारा संघ. चेंडू फेंकणाऱ्या मुलांचे खांदे व कोपरे निकामी होऊं लागले, तेव्हां तेथील प्रमुख संस्थांनीं २०१४ सालीं मर्यादा सुचविल्या. १३-१४ वर्षांच्या मुलानें दिवसांत ९५ हून अधिक चेंडू फेंकूं नयेत, वर्षांतून निदान चार महिने फेंकणें बंद ठेवावें, आणि एकाच वेळीं अनेक संघांतून खेळणें टाळावें.

हा विचार आपणांस नवा नाहीं. वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येंत बलवानासही अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम सांगितला, तोही थंडींत व वसंतांत, इतर ऋतूंत त्याहून सौम्य. श्वास तोंडावाटे येऊं लागणें ही अर्धी शक्ति सरल्याची खूण, असें सुश्रुत म्हणतो. आजचा सराव या मापांत बसणार नाहीं. तरी वैशाखाच्या उन्हांत भर दुपारीं सामना लावणाऱ्यांनीं ही ऋतूची मर्यादा ध्यानांत घ्यावी.

तात्पर्य, वही घरानें ठेवावी. सामने, सराव, प्रवास, झोंप आणि दुखणें, हें सारें तारीखवार एका ठिकाणीं लिहावें. चैत्रांतच दोन्ही मार्गदर्शकांस ती दाखवून निर्णय करावा: शाळेच्या हंगामांत शाळा प्रथम, सुटींत क्लब, आणि सुटींतला एक सलग महिना दोघांचाही नाहीं. त्या महिन्यांत मुलानें विहिरींत पोहावें, आंबे खावे, वाटल्यास चेंडूला हातही लावूं नये.

एकत्र कुटुंबांत आजोबांस करंडक हवा असतो, काका शिबिराची फी भरतात. पण रात्रीं गुडघा धरून बसलेलें मूल प्रथम आईच्या दृष्टीस पडतें. तिचें म्हणणें आधीं ऐकावें. वाढत्या वयांतील टांच वा गुडघा आठवड्याहून अधिक दुखत राहिल्यास त्यास आळस न म्हणतां डॉक्टरांकडे न्यावें. कोणत्या संघाकडून खेळावयाचें, हें ठरवितांना खेळणारासही एकदां विचारावें. करंडक कपाटांत राहतो. गुडघा मात्र त्याला जन्मभर वापरावयाचा आहे.