टिकाऊ कोण : यंत्र की कारागीर?

‘पूर्वीचा माल कसा अस्सल होता!’ असे उद्गार आपण जुन्या वस्तूंविषयी सहज काढतो. स्पूलच्या टेपरेकॉर्डरबद्दलही तेच म्हटले जाते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ही यंत्रे आजही वाजतात, हे खरे आहे. परंतु ती का वाजतात, याचा विचार फारसा होत नाही. त्याचे सारे श्रेय पोलादाला देणे मला अन्यायाचे वाटते.

विली श्टुडर यांच्या स्वित्झर्लंडमधील कारखान्याने १९६७ मध्ये बाजारात आणलेला ‘रेव्हॉक्स ए ७७’ उदाहरणादाखल घेऊ. त्यात तीन मोटारी आहेत. दोन मोटारी दोन स्पूल सांभाळतात. एक फीत गुंडाळून घेते, तर दुसरी तिला हलकेच मागे धरून ताण राखते. तिसरी मोटार फितीला सेकंदाला १९ किंवा साडेनऊ सेंटिमीटर या ठरलेल्या गतीने पुढे नेते. फीत चालविण्यासाठी मध्ये रबरी पट्टे नाहीत, त्यामुळे ते सैल पडण्याची भीती नाही. मग हे यंत्र बिघडतच नाही काय? बिघडते! कॅपॅसिटर फुटतात, फीत दाबून धरणारे रबरी चाक कडक होते, हेड झिजतात. पण स्क्रू काढले की आतला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, काढता येतो, बदलता येतो.

माझे वडील विहिरीवरील पंपांच्या मोटारी रिवाइंड करतात. शिक्षण सातवीपर्यंत. या यंत्राच्या आतील रचनेचे चित्र मी त्यांना मोबाइलवर दाखविले. बराच वेळ बघून ते म्हणाले, “बनवणाऱ्याने पुढच्या कारागिराचा विचार केलाय.” टिकाऊपणाची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात आढळलेली नाही.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. आपल्या आकाशवाणीवरही कित्येक वर्षे भाषणे, श्रुतिका आणि गाणी अशाच फितींवर मुद्रित होत. गंमत अशी, की यंत्राहून फीतच नाजूक निघाली. १९७० ते १९९० या काळातील काही फितींचा लेप हवेतील ओलावा शोषून चिकट होतो. त्या सुमारे ५० अंश तापमानात काही तास तापवून मगच वाजवाव्या लागतात, आणि तेही जाणकाराच्या हातून. कोणी म्हणेल, आता सारे डिजिटल करता येते. अवश्य करावे! पण त्यासाठी आधी फीत वाजली पाहिजे, फीत वाजण्यासाठी यंत्र चालले पाहिजे, आणि यंत्र चालण्यासाठी ते जाणणारा माणूस हवा. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगाला हाच इशारा दिला होता. यंत्रे, सुटे भाग आणि दुरुस्तीचे ज्ञान हे सारेच संपत चालले असून २०२५ च्या सुमारास फिती वाजविणे सर्वसाधारणपणे थांबेल, असा अंदाज त्यांनी वर्तविला होता.

सुटे भाग पुन्हा घडविता येतील. पण हाताचे ज्ञान कोठून आणणार? आपण कला शाखेचे विद्यार्थी शब्दांना मान देतो, आणि तो शब्द जपणाऱ्या हाताला मात्र ‘मिस्त्री’ म्हणून बाहेरच्या ओट्यावर बसवतो. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. वडिलांना त्याचा अभिमान आहे. परंतु त्यांची विद्या त्यांच्यापाशीच थांबणार असेल, तर आमच्या घराने एक विद्या कमावताना दुसरी गमावली, असेच म्हणावे लागेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. भाषा व इतिहास विभागांनी गावातील घराघरांत पडून असलेल्या फितींची नोंद करावी, आणि दुरुस्ती जाणणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराला रीतसर मानधन देऊन आपल्या वर्गात शिकवायला बोलवावे. फळ्यासमोरची जागा त्याचीही आहे.