लामार यांचा सलोखा

१९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ या ग्रंथात जॉन केनेडी यांनी धैर्यशील सिनेटरांची जी चरित्रे सांगितली, त्यांत मिसिसिपीचे ल्यूशियस लामार हे एक होत. वकील, सेनाधिकारी, लोकप्रतिनिधी आणि अखेरीस सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अशी त्यांची कारकीर्द. यादवी युद्धानंतर उत्तर आणि दक्षिण यांच्यात सलोखा घडवणारा मुत्सद्दी, ही त्यांची ख्याती. हा सलोखा कोणाकोणात झाला, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

१८६१ च्या जानेवारीत मिसिसिपीने अमेरिकी संघराज्यातून फुटून निघण्याचा जो ठराव केला, त्याचा मसुदा लामार यांचाच. १८६० च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्याच्या ७,९१,३०५ लोकवस्तीत ४,३६,६३१ गुलाम होते; म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे इतरांच्या मालमत्तेत मोजली जात होती. लामार स्वतः गुलामांचे मालक. त्या व्यवस्थेच्या रक्षणार्थ ते लेफ्टनंट कर्नल म्हणून लढले, हरले, आणि १८७३ मध्ये पुन्हा काँग्रेसमध्ये जाऊन बसले. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता!

१८७४ मध्ये गुलामगिरीचे कट्टर विरोधक चार्ल्स समनर निवर्तले. त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्या लामार यांच्या भाषणाने उत्तरेची मने जिंकली. वैर विसरण्याचे मोल कमी नाही. परंतु पुढच्याच वर्षी मिसिसिपीत निवडणूक झाली. लामार यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या सशस्त्र टोळ्यांनी दहशत घातली, कृष्णवर्णीयांचे खून पाडले. गव्हर्नर एम्स यांनी मागितलेले संघराज्याचे सैन्य आले नाही. कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेल्या याझू परगण्यात रिपब्लिकन पक्षाला अवघी ७ मते पडली. लामार त्या प्रचारातील एक प्रमुख वक्ते होते. या विजयातून आलेल्या विधिमंडळानेच त्यांना सिनेटवर पाठवले.

मुक्त झालेल्यांना जमीन मिळालेलीच नव्हती. जुन्या मालकाचीच जमीन अर्धेलीने कसायची, उभ्या कापसावर दुकानदाराकडून धान्य व बियाणे उधार घ्यायचे, आणि हंगामाअखेर देणेकरीच राहायचे, हा त्यांचा संसार. मताधिकार हे त्यांच्या हातातील एकमेव हत्यार होते. ते गेल्यावर दुकानदाराच्या वहीला आव्हान कोठे देणार? शेरीफ मालकांचा, न्यायाधीशही मालकांचा. १८९० च्या राज्यघटनेने मतदानासाठी २ डॉलरचा कर आणि वाचन-आकलनाची अट घालून ही लूट कायदेशीर केली.

१८७८ मध्ये आपल्या विधिमंडळाचा आदेश डावलून लामार यांनी चांदीच्या नाण्यांच्या विधेयकाविरुद्ध मत दिले, याचे केनेडींना विशेष कौतुक. आदेश डावलण्यात धाडस होतेच. तथापि चांदीमुळे चलन सैल होऊन दिलासा मिळणार होता तो कर्जबाजारी शेतकऱ्याला, आणि ते नको होते पूर्वेकडील पेढीवाल्यांना.

केनेडींनी एम्स यांचे जे चित्र रंगवले, त्याला त्यांच्या कन्या ब्लांश यांनी पत्रांमागून पत्रे लिहून हरकत घेतली. अखेर १९६४ मध्ये वडिलांचे चरित्र त्यांनी स्वतःच लिहून प्रसिद्ध केले.