नमनाला घडाभर तेल

राजवाड्याच्या भिंतीकडेने रोज जाणारे आपण बडोदेकर पुष्कळ आहोत, पण भिंतीपलीकडच्या हिरवळीवर सकाळी काय चालते ते पाहिलेले थोडे. लक्ष्मीविलासच्या आवारातले गोल्फचे मैदान महाराजा प्रतापसिंहरावांच्या वेळचे, मुख्यतः युरोपीय पाहुण्यांसाठी केलेले. पुढे स्वतः रणजी सामने खेळलेल्या समरजितसिंहांनी गेल्या शतकाच्या अखेरीस ते नव्याने उभे केले, आणि आता शहरातली मंडळी तेथे खेळतात. माझे वडील, अण्णा, या दरबारच्या गायकांत वयाने अगदी धाकटे. १९४६ साली सोळाव्या वर्षी ते नोकरीस लागले आणि १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा विशीही न गाठलेले. मी त्यांना पन्नाशीत झालो. त्यामुळे दरबार मी नुसता ऐकला, पाहिला नाही. गोल्फचेही परवापरवापर्यंत तसेच होते.

माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीचे आजोबा, आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो, दांडिया बाजारातल्या जुन्या घराण्यातले. इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि पासष्टाव्या वर्षी हा खेळ शिकू लागले. एके दिवशी नातीला न्यायला आले ते म्हणाले, "बुवा, तुमचा कान तयार आहे. माझी लय कुठे बिघडते ते एकदा येऊन सांगा." मला वाटले थट्टा आहे. पण रविवारी पहाटे साडेपाचला दारात मोटार उभी राहिली.

नानांनी जमिनीत लहानशी खुंटी रोवली. तिला ते टी म्हणतात. तिच्यावर चेंडू ठेवला. मग दोन पावले बाजूला सरकून त्यांनी हवेतच काठी फिरवली. काय देखणी फिरवली म्हणून सांगू! सवयीने माझी बोटे मात्रा मोजू लागली होती : वर जाताना तीन, खाली येताना एक, आणि चेंडू असता तर ज्या जागी भेटला असता तेथे नेमकी सम. नानांनी पुन्हा तसेच केले. तिसऱ्यांदाही केले. मग ते चेंडूपाशी आले, काही क्षण खांबासारखे उभे राहिले, आणि फटका मारला. त्या फटक्याला मात्राच नव्हत्या. वर जाणे नाही, खाली येणे नाही, नुसता एक हिसका. चेंडू घरंगळत उजवीकडच्या झाडांत गेला. पण खरी गंमत पुढेच आहे. चेंडू गेल्यावर नानांनी पुन्हा एकदा हवेत काठी फिरवली, तीन आणि एक, अगदी निर्दोष, आणि कॅडीकडे असे पाहिले की जणू हा हिशेबात धरावा. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. आणि हे घोडे त्या मैदानावर मी पुढच्या तीन तासांत निदान वीस वेळा पाहिले.

या हवेतल्या फिरवण्याला इंग्रजीत प्रॅक्टिस स्विंग म्हणतात. मी त्याला कोरा फटका म्हणतो.

तीनास एक हे प्रमाण माझ्या कानाची कल्पना नव्हे, हे मला नंतर कळले. अमेरिकेतले जॉन नोव्होसेल यांनी २००४ साली 'टूर टेम्पो' नावाचे पुस्तक काढले. मोठमोठ्या खेळाडूंच्या फिती त्यांनी चित्रागणिक मोजल्या होत्या. सेकंदाला तीस चित्रे धरली, तर काठी मागे नेण्यास सत्तावीस आणि खाली आणण्यास नऊ, किंवा चोवीस आणि आठ, किंवा एकवीस आणि सात. खेळाडू संथ असो की चपळ, प्रमाण तेच. सारे मिळून एक सेकंदाच्या आसपास आटोपते. गाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. लय विलंबित असो वा द्रुत, तालाचे विभाग बदलत नाहीत. म्हणजे नानांच्या हाताला ताल येत होता. तीन कोऱ्या फटक्यांनी ते सिद्धच केले होते. मग चेंडूशी येताच तो जातो कोठे?

माझी शिकवणी दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढताना मुले गुणगुणत येतात आणि मी वर बसून ऐकतो. काय सुरेल असतात ती त्या जिन्यावर! गंधार अगदी जागच्या जागी, हरकती सहज. दार उघडून आत आली, तंबोरा छेडला, "हं, म्हणा" म्हटले, की तोच गंधार उतरतो. जिन्यावर चुकायला जागाच नसते. कोणी ऐकत नाही असे मुलांना वाटत असते, आणि मुख्य म्हणजे शेजारी तंबोरा नसतो. चूक कशाशी ताडून पाहणार? कोऱ्या फटक्याचेही तसेच. समोर चेंडू नाही, म्हणून तो कोठे गेला हे कोणी विचारणार नाही. हवा काही झाडांत जात नाही. नाना हवेत जे करीत होते ते उत्तम होते, पण ते फटक्याची तयारी नव्हते. ते फटक्यापासून दूर उभे राहण्याचे निमित्त होते. असे माझे मत झाले आणि तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

या खेळाच्या नियमांत मला एक गोष्ट फार आवडली. काठी पुढे फिरली म्हणजे फटका झाला असे तेथे नाही. चेंडूला मारण्याच्या हेतूने फिरली तरच तो फटका. कायदा हेतूला विचारतो. २०१९ च्या मास्टर्स स्पर्धेत झॅक जॉन्सन तेराव्या टीवर कोरा फटका घेत होते. काठी चुकून चेंडूला लागली आणि तो तिरपाच उडाला. दोन मोठ्या स्पर्धा जिंकलेला गृहस्थ, सारे पाहताहेत! पण हेतू नव्हता, आणि टीवरचा चेंडू पहिल्या फटक्याआधी खेळात आलेला धरत नाहीत. त्यांनी निमूटपणे चेंडू परत ठेवला, दंड शून्य. हेच पुढे गवतात झाले असते तर एक गुण दंड आणि चेंडू जागी परत. कोऱ्या फटक्याने वाटेतली फांदी मोडली आणि त्याने पुढचा फटका सोपा झाला, तर दंड आणखी मोठा. म्हणजे नियमकर्त्यांनाही ठाऊक आहे की सराव हा नेहमीच निरागस नसतो.

आता कोणी म्हणेल, मग हे कोरे फटके बंदच करा. असे म्हणणारे पुष्कळ आहेत, कारण खेळ रेंगाळतो आणि मागची मंडळी कंबरेवर हात ठेवून तिष्ठत राहतात. २०१९ पासून नियमांतच शिफारस आहे की पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका व्हावा. १९२० ची ओपन स्पर्धा जिंकणारे जॉर्ज डंकन हे तर चेंडूपाशी पोचले की मारून मोकळे. त्यांच्या पुस्तकाचे नावच 'गोल्फ ॲट द गॅलप', घोड्याच्या दौडीवरून घेतलेले. तरीही सरसकट बंदीशी मी सहमत नाही. तंबोरा न लावता गायला बसणाऱ्याला मी वर्गातून उठवीन. हवा बदलली की तार उतरते, दिव्यांच्या उष्णतेने उतरते, आणि ती विचारल्याशिवाय सांगत नाही. तसेच उंच गवतात चेंडू रुतला असेल तर गवत काठीला किती धरते हे हाताला आधी कळलेच पाहिजे. उतारावर उभे असाल तर काठी जमिनीला नेमकी कोठे टेकते ते एकदा पाहावेच लागते. भोकाजवळच्या मऊ हिरवळीवर भोकाकडे पाहत हलकेच हात हलवून अंतर जोखणे हेही मला पटले. हे सारे प्रश्न विचारणे आहे, आणि प्रश्नाला उत्तर मिळते. पण सपाट जागी, खुंटीवर ठेवलेल्या चेंडूशेजारी चौथा कोरा फटका कोणता प्रश्न विचारतो? ते नमनाला घडाभर तेल. नमन हवे, घडा नको.

बेन होगन यांनी १९५७ च्या आपल्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात चेंडूमागे काठी जराशी मागेपुढे हलवण्याच्या क्रियेला फार महत्त्व दिले आहे. पण त्यांची अट अशी की हे हलवणे पुढच्या फटक्याच्या जातीचे असावे. हळुवार फटक्यापूर्वी हळुवार, जोरकस फटक्यापूर्वी जोरकस. आमच्याकडे बंदिशीआधी त्याच रागाचा मोजका औचार करतात, तसे. भूप मांडायचा आणि आधी यमन गुणगुणायचा, असे कोणी करीत नाही. आणि उलट टोकाला केव्हिन ना. २०१२ च्या प्लेयर्स स्पर्धेत तिसऱ्या दिवसाअखेर हा खेळाडू सर्वांच्या पुढे होता. पण काठी हलवतोय, हलवतोय, आणि ती मागे काही जाईना. मागे गेलीच आणि मन राजी नसले तर तो मुद्दाम चेंडूच्या वरून काठी फिरवून फटका वाया घालवी आणि पुन्हा आरंभ करी. चौथ्या दिवशी प्रेक्षक मोठ्याने त्याच्या हालचाली मोजू लागले. लोक त्याला हसले. मला हसू आले नाही.

कारण मी बावीस वर्षांचा असताना याच शहरात एका पुण्यतिथीच्या मैफलीत मला पहिल्यांदा स्वतंत्र बसवले होते. मंडळी सगळी ओळखीची. पुढच्या रांगेत अण्णा, तेव्हा सत्तरी उलटलेले, काठीवर हनुवटी टेकून. मी तंबोरा लावला. तबलजीने हातोडी ठेवली. मी पंचमाची खुंटी पुन्हा पिळली. मग जोडी तपासली. मग जवारीचा दोरा सरकवला, मग खर्ज, मग पुन्हा पंचम. मागे कोणी खोकले. बायका आपापसांत बोलू लागल्या. मी किती वेळ घेतला ते मला माहीत नाही. जितका घेतला तितकी माझी छाती आणखी आवळत गेली एवढे मात्र आठवते. शेवटी गायलो, आणि नानांच्या त्या चेंडूसारखा गेलो.

घरी येताना टांगा नव्हता, रिक्षा होती. सूरसागरापर्यंत अण्णा बोलले नाहीत. मग म्हणाले, "तंबोरा पहिल्यांदाच लागला होता."

मी म्हणालो, "हो."

"तुला कळलं होतं?"

"हो अण्णा."

एवढेच. त्यांनी पुन्हा कधी हा विषय काढला नाही. आणखी दोनतीन वेळा मी मैफलीत बसलो, तंबोरा तसाच लावीत राहिलो, आणि मग शिकवू लागलो. शिकवण्याचा मला पश्चात्ताप नाही. पण "आवाज तापायचा आहे", "जागा नवी आहे", "साथीदार अनोळखी आहे" असे विद्यार्थी म्हणतात तेव्हा त्यातली कोणती सबब खरी आणि कोणती माझी, हे मला लगेच ओळखू येते.

तर दुसऱ्या रविवारी मी नानांना एवढेच सांगितले : एकच कोरा फटका. तोही चेंडू समोर आहे असे समजून, पुऱ्या जोराने, कोठे पाठवायचा ते ठरवून. मग थांबायचे नाही. तेच तीन आणि एक मोजत चेंडूशी यायचे आणि मारायचे. आणि चेंडू बिघडला तर त्यानंतर हवेत काठी फिरवायला सक्त मनाई. शेवटची अट त्यांना सर्वांत जाचक वाटली. "निदान तेवढं तरी समाधान असू द्या की," म्हणाले.

पहिला चेंडू झाडांत गेला. दुसराही. तिसरा सरळ गेला, पण लांब नाही. चौथ्याच्या वेळी त्यांचा एकुलता कोरा फटकाच वाकडा आला, आधी कधी नव्हे तो. नाना काठी टेकून उभे राहिले आणि भलतेच रागावले.

"बुवा, पूर्वी निदान हवेतले तरी छान व्हायचे. तुम्ही तेही बिघडवलेत."

मी म्हणालो, "नाना, आज पहिल्यांदा त्यात चेंडू होता."

ते काही बोलले नाहीत. बाजूला एक मोर चालला होता तो जाईपर्यंत थांबले, आणि कॅडीला म्हणाले, दुसरा चेंडू दे.