कोवळ्या हातांत कोयता कोण देतो?

तमिळनाडूत पापनाशम नावाची दोन गावे आहेत. एक तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या मुलखात. दुसरे तिरुनेलवेली जिल्ह्यात, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, ताम्रपर्णीच्या काठी. येथील स्नानाने पाप नष्ट होते अशी भाविकांची श्रद्धा आहे. परंतु जातिव्यवस्थेचे पाप नदीच्या पाण्याने धुतले जात नाही, याची साक्ष दोन्ही खोरी देत आहेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे बारावीच्या एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतील मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. मध्ये पडलेली त्याची बहीणही जखमी झाली. छळाची तक्रार शाळेत केली, एवढाच त्याचा ‘अपराध’ होता. राज्य सरकारने नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला. मनगटावरील रंगीत दोरे, अंगठ्या, कपाळावरील जातिदर्शक खुणा यांवर बंदी घालावी, शाळांच्या नावांतून जातिवाचक शब्द काढावेत, अशा त्यातील शिफारशी स्वागतार्ह आहेत. मात्र मनगटावरचा दोरा कापला म्हणून मनातला दोरा तुटत नाही.

भांडवली वृत्तपत्रांना अशा प्रसंगी ‘बिघडलेली पिढी’ दिसते, पोलिसांना गुन्हेगारांची यादी दिसते. २०२२ च्या अखेरीस पुण्यात ‘कोयता गँग’चा गवगवा झाला, तेव्हाही धरपकडीपलीकडे शासनाची दृष्टी गेली नाही. ज्या महाराष्ट्रात ऊसतोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, तेथे श्रमाचे हे हत्यार पोरांच्या हाती दहशतीचे शस्त्र का बनते, हा प्रश्न विचारणे राज्यकर्त्यांना परवडणारे नाही.

याचे उत्तर शोधताना तंजावरचा इतिहास मार्गदर्शक ठरतो. या जिल्ह्यात मिरासदार दलित गड्यांना चाबकाने फोडीत, शेणाचे पाणी पाजीत. १९४० नंतरच्या दशकात कानडी मुलखातून आलेल्या कॉम्रेड बी. श्रीनिवास राव यांनी तेथील कुळे आणि शेतमजूर यांना एका लाल झेंड्याखाली आणले. त्या लढ्याच्या रेट्यामुळेच १९५२ मध्ये कुळांना व सालदार गड्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. २५ डिसेंबर १९६८ रोजी, तेव्हा तंजावर जिल्ह्यातच असलेल्या कीळवेण्मणी येथे ४४ दलितांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. मृतांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. मजुरीत थोडे अधिक भात मागणे आणि झेंडा खाली न उतरवणे, हाच त्यांचा गुन्हा. जमीनदारांना झालेली शिक्षा उच्च न्यायालयात टिकली नाही. तरीही संघटना मोडली नाही. तिने तो संताप मजुरीच्या आणि जमिनीच्या लढ्यात उतरवला. कोणाशी लढायचे आणि कोणाच्या खांद्याला खांदा लावायचा, हे तेथील तरुण त्या लढ्यातच शिकला.

आज पापनाशमच्या शिवारात कापणीयंत्रे आली आहेत. एकत्र कापणी करणारे हात विखुरले. कोणी तिरुप्पूरच्या कारखान्यांत गेले, कोणी आखातात. सामुदायिक श्रमाची आणि सामुदायिक लढ्याची जागा रिकामी होते, तेथे जातिसंघटना शिरते. बेकार, अपमानित पोराला ती एक रंग, एक पुढारी आणि एक शत्रू देते. हा शत्रू असतो शेजारच्या वस्तीतला, त्याच्याइतकाच कंगाल मुलगा. जखमी होतो तो दलित. कोठडीत जातो तोही बहुधा गरिबाचाच पोर. पुढारी मात्र निवडणुकीचे तिकीट मिळवतो. अर्थात मारणारा आणि मार खाणारा यांना एकाच तागडीत तोलता येणार नाही. अत्याचारितांचे संरक्षण आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कठोर अंमलबजावणी ही पहिली अट आहे.

परंतु येथेच थांबलो तर आपले कार्य अपुरे राहील. दलित वस्ती आणि गावठाण यांतील मुले एकत्र बसतील अशी वाचनालये, वसतिगृहे, क्रीडामंडळे उभारणे. रोजगाराच्या मागणीवर दोन्हीकडील तरुणांना एका मोर्चात आणणे. शिक्षक संघटनांमध्ये जातिभेदाचा प्रश्न निर्भीडपणे मांडणे, ही कामे विद्यार्थी व युवक आघाड्यांनी हाती घेतली पाहिजेत. त्याबरोबरच आत्मपरीक्षणही हवे. शाखेच्या बैठकीत जातिअंताचा ठराव करणाऱ्या सभासदाच्या स्वतःच्या मुलाच्या मनगटावर कोणता दोरा आहे? त्याच्या घरी दलित साथी पंगतीला बसतो काय? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे देणाऱ्या पक्षालाच त्या कोवळ्या हातांतील कोयता खाली ठेवायला सांगण्याचा नैतिक अधिकार लाभेल.